तोंड न लावता

सोमवार, १८ जानेवारी १९६५

आज पहिला दिवस. घाबरले. हे एवढं कबूल करून टाकलं की पुढचं लिहिता येईल.

रंगूनच्या भरल्या सभागृहात मी घसा न खाकरता बोलत असे. विधवांनी कमवावं यावर बोलले. रुग्णसेवा हलकं काम नव्हे यावर बोलले. सोवळ्याओवळ्यावर तर इतकी कडाडले की आपल्याच मंडळींनी माझ्या नवऱ्याला निरोप धाडला, तुमच्या बाईला आवरा. तीच मी आज तमिळ मुलखातल्या माझ्या माहेरगावी, इस्पितळाच्या फाटकाशी पदराचं टोक चघळत उभी होते. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, अम्मा, कोणाला बघायला आलात?

कोणाला बघायला नाही रे बाबा. मलाच बघणार आहेत.

मद्रासच्या नर्सिंग कौन्सिलचं म्हणणं सरळ आहे. रंगूनचं माझं प्रमाणपत्र खरं आहे, पण शिक्षण परदेशातलं, आणि नवऱ्याच्या आजारपणात मी पाच वर्षं वॉर्डाबाहेर. तो गेला, मागोमाग बर्मातून आपली माणसं निघाली, मीही एक ट्रंक घेऊन बोटीत बसले. आता पाच आठवडे इथे एका सिस्टरच्या नजरेखाली काम करायचं. मग मद्रासहून परीक्षक येणार, एक दिवस माझं काम बघणार. पटलं तर माझं नाव नोंदवहीत चढेल आणि राज्यात कुठेही मला नर्सची नोकरी मिळेल. नाही पटलं तर नाही.

'नाही' म्हणजे काय ते सकाळीच कळलं. हनुमंतराव अण्णा कॉफी पिता पिता म्हणाला, "नाही झालं तरी घर आहेच की, अंबे." वहिनी आतून म्हणाली, "आणि माझे गुडघे किती दिवस टिकणार? चुलीपाशी कोणीतरी पाहिजेच." दोघंही प्रेमाने बोलली. मी अर्धी इडली पानात टाकून उठले.

मला पारखणाऱ्या सिस्टर कामाक्षी वयाने माझ्याहून लहान, बोलण्याने कोरड्या. मी रंगूनच्या वॉर्डाची हकीकत सुरू केली, तर म्हणाल्या, "ते तोंडाने नको. हातांनी सांगा."

संध्याकाळी मागच्या दाराने यायचं, विहिरीशी अंघोळ करायची, मग घरात पाऊल टाकायचं. वहिनीने घंगाळात गरम पाणी काढून ठेवलं होतं. बाटलेल्या अंगाला गार पाणी पुरत नसावं!

गुरुवार, २१ जानेवारी

कामाक्षीबाईंनी रोगी खाटेवर असताना चादर बदलायला लावली. मी बदलली. सुरकुती राहिली. पुन्हा बदलली. रोगी, एक पाय मोडलेला गाडीवान, शेवटी म्हणाला, "अम्मा, मला एकदा खाली ठेवा आणि तुमचं दोघींचं होऊ दे."

औषधं आता ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये मोजतात. माझी बोटं अजून ग्रेन आणि औंसांत अडकली आहेत. कामाक्षीबाईंनी मला जेवणाच्या सुट्टीत साधं पाणी सिरिंजमध्ये ओढायला बसवलं. इतके मिलिलिटर घ्या, दाखवा, सोडा. इतके घ्या, दाखवा, सोडा. स्वतः जेवायला न जाता समोर उभ्या राहिल्या. मला नापास करायचं ठरवूनच ही बाई घरून निघते. अर्ध्या तासाची शांतीसुद्धा तिला बघवत नाही.

बुधवार, २७ जानेवारी

गावात हिंदीविरोधी मिरवणुका. दुकानं बंद, कॉलेजची पोरं रस्त्यावर, पोलिसांच्या गाड्या. अण्णाने ही वही माझ्या हातात पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई ग, ही अक्षरं घेऊन बाहेर जाऊ नकोस. मराठी की हिंदी हे लांबून कोणाला कळतंय?" पिढ्यान्पिढ्या इथे राहून आमच्या घरात मराठी बोलतात, पण देवनागरी कोणालाच नीट वाचता येत नाही. मी रंगूनला एका पुणेकर शिक्षिकेकडून शिकले. भाषेसाठी रस्त्यावर उतरण्याच्या या पोरांच्या हक्काबद्दल मी एरवी तासभर बोलले असते. आज वही पिठाच्या डब्यामागे ठेवली. सगळ्याचीच भीती वाटायला लागली आहे मला.

बुधवार, ३ फेब्रुवारी

वॉर्डात मराठी ऐकू आली!

वेंकूबाई. सत्तरीच्या पुढच्या. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली आहे. तोंड एका बाजूला ओढलंय, शब्द जरा चिकटून येतात, पण जिभेची धार शाबूत. मी चादर सरळ करताना पुटपुटले, "अगबाई, किती हाडं ही." त्यांनी डोळा उघडला.

"कोणाची ग तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"पश्चिम राजवीथीतले? मग आमच्यातली की ग! आणि हे काय घातलंयस? पांढरं? नवरा गेला म्हणून की नोकरी लागली म्हणून?"

"दोन्ही, आजी."

हसल्या. तोंडाची एकच बाजू हसली.

पण कालपासून या बाईने पाण्याचा थेंब घेतलेला नाही. वॉर्डात पाजायला चोचीचा कप आहे. तो उकळून घेतात, तरी तो शंभर जणांच्या ओठांना लागलेला. "उष्ट्याला मी तोंड लावू? मरेन, पण लावणार नाही." त्यांचा मुलगा शेषगिरी शाळामास्तर आहे, शांत माणूस, हात जोडून उभा. घरून आणलेला चांदीचा पेला त्याच्या हातात. त्यालाही तोंड लावायला तयार नाहीत. आपल्याकडे पेला ओठाला लावून पितंच कोण? सगळे वरूनच धार घेतात.

कामाक्षीबाई मला म्हणाल्या, "तुमची भाषा, तुमची माणसं. हिला पाजायचं काम तुमचं. हिने पिणं फार जरुरीचं आहे." आणि मग, वळता वळता, "नीट पाजायचं, अंबाबाई."

म्हणजे काय? मला पाजता येत नाही?

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

पाजलं! वेंकूबाई प्यायल्या!

काल दिवसभर मी त्यांच्याशी वाद घातला. शरीरधर्म सांगितला, शास्त्र सांगितलं, पाण्याला विटाळ नसतो हे सांगितलं. रंगूनला याच वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या. वेंकूबाई म्हणाल्या, "छान बोलतेस ग. कीर्तन करत जा." आणि तोंड मिटलं.

आज सकाळी ओठ सुकून भेगा पडलेल्या. डोळे खोल गेलेले. शेवटच्या दिवसांत अशीच दिसणारी माझी आत्या आठवली. वेंकूबाई म्हणाल्या, "वरून घाल की, पोरी. तोंड न लावता. एवढं तरी पुण्य घे." आणि मी शेषगिरीच्या हातातला चांदीचा पेला घेतला, त्यांची मान उशीवर मागे टेकवली आणि वरून बारीक धार सोडली. लहानपणी आम्ही सगळ्या बहिणी असंच प्यायचो. हाताला सवय होतीच, एक थेंब बाहेर सांडला नाही. दोनतीनदा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण पेला रिकामा झाला. मग कॉफीही घेतली. शेषगिरीचे डोळे भरून आले. वेंकूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "शंभर वर्षं जग."

आपल्या माणसांचं मन राखता आलं पाहिजे. हे कुठल्या पुस्तकात नसतं. परदेशात शिकून आले म्हणून काय झालं, माझी नाळ इथली आहे.

कामाक्षीबाईंनी रिकामा पेला बघितला. "प्याली? कशी काय?"

"समजावलं," मी म्हणाले.

"कशाने?"

"बोलून."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. "उठवून बसवलंत ना?"

मी हो म्हणाले. सगळं समजावून सांगत कोण बसणार? तमिळ असल्या तरी या मिशनच्या शाळेत शिकलेल्या, आमच्या घरांतलं यांना काय ठाऊक? आणि तसं म्हटलं तर दोन उशा होत्याच पाठीशी.

आज खूप दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवार, ८ फेब्रुवारी

वेंकूबाईंना ताप. शनिवारी मी पाजलं तेव्हाही ठसका लागत होता, पण म्हातारपणी लागतोच. त्यांच्या खाटेजवळची खिडकी नीट बसत नाही, पहाटे गार वारा येतो. मी दोनदा सांगितलं होतं. कोण ऐकतं?

डॉक्टर कल्याणराम आले. छाती ठोकली, कान लावला. उजवीकडे खाली घरघर. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "गिळताना काही वाकडं गेलं का? खूप खोकली, गुदमरली?"

मी म्हणाले, "नाही, डॉक्टर."

गुदमरल्या नव्हत्याच. ठसका म्हणजे गुदमरणं नव्हे. त्यांनी 'गुदमरली' असं विचारलं, मी त्याचं उत्तर दिलं. शिवाय मागे कामाक्षीबाई उभ्या होत्या.

खिडकीला जाड कागद लावला.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

ताप उतरला नाही. आज फारसं प्यायल्या नाहीत, माझ्याने जोर करवला नाही. परीक्षेची तारीख आली. बावीस तारीख, सोमवार.

गुरुवार, ११ फेब्रुवारी



डॉक्टरांनी शेषगिरीला विचारलं, घरात क्षयाचा कोणी होता का? वेंकूबाईंचे यजमान क्षयानेच गेले होते. डॉक्टरांनी मान हलवली. पेनिसिलिन सुरू करून काय उपयोग, म्हणाले, जुनाच क्षय उलटला असावा. थुंकी तपासायला पाठवू आणि शनिवारी हिला गावाबाहेरच्या क्षयरुग्णालयात हलवू, इथे बाकीच्या रोग्यांत ठेवता येत नाही. या तापात, या हाडांनिशी, बैलगाडीतून नाही तर फटफटत्या मोटारीतून.

मी औषधाच्या कपाटाशी होते. तिथून वेंकूबाईंची खाट तिरकी दिसते. शेषगिरीने आईला बघितलं, इकडेतिकडे बघितलं, मग चांदीचा पेला घेतला. उशीवर मान मागे टेकवली. अगदी माझ्यासारखी. माझ्यासारखाच मनगट वाकवून वरून धार सोडली.

मी लांबून पहिल्यांदा पाहिलं.

पाणी तोंडात गेलं. गळा हललाच नाही. पाणी तोंडात साठलं, मग एकदम कुठेतरी गेलं, आणि छाती आतून ओढली गेली, बरगड्यांमध्ये खड्डे पडले, ओठांची कड निळसर झाली. मग खोकला आला. बारीक, हतबल. लुळ्या घशाला नीट खोकताही येत नाही. मी जवळ उभी राहून पाजायची तेव्हा माझी नजर धारेवर असायची. एक थेंबही बाहेर सांडू नये म्हणून.

मी धावत जाऊन पेला हिसकावला. पाणी माझ्या पांढऱ्या साडीवर सांडलं. शेषगिरी दचकला. "काय झालं? तुम्हीच तर असं पाजता."

 पेला घेऊन न्हाणीघरात गेले आणि दार लावलं.

अर्धांगाच्या रोग्याला कधीही आडवं पाजू नये. मान पुढे झुकवावी, चांगल्या बाजूने थोडं थोडं द्यावं, गिळल्याचं डोळ्यांनी पाहावं, मगच दुसरं. हे मला ठाऊक आहे. रंगूनला मी शिकाऊ मुलींना हेच शिकवत होते. मग माझा हात त्या दिवशी वर का गेला?

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

उद्या त्यांना हलवणार.

मी काही न बोलले तर कोणालाच कळणार नाही. शेषगिरीला खोकला का आला हे ठाऊक नाही. वेंकूबाई मला शंभर वर्षांचा आशीर्वाद देऊन बसल्या आहेत. कामाक्षीबाईंना मी सांगितलंय की उठवून बसवलं. डॉक्टरांना सांगितलंय की नाही. परीक्षा दहा दिवसांवर. थुंकीत क्षय निघू शकतो. निघेलही. निघू दे, असं मी आज देवाजवळ मागितलं. एका म्हातारीला क्षय निघावा असं मागितलं.

सकाळपासून डोक्यात भाषण चालू आहे. इतकं चांगलं भाषण मी उभ्या जन्मात केलेलं नाही. सभ्य स्त्री-पुरुषहो! तहानेने मरणाऱ्या वृद्धेला तिच्या श्रद्धेसकट पाणी पाजणं हा गुन्हा आहे काय? जिचा देह अर्धा गेला तिचा आचारही हिरावून घ्यायचा काय? कोणत्या पाश्चात्त्य पुस्तकाला आमच्या आयांच्या तहानेची भाषा कळते? टाळ्या मला ऐकू येत होत्या. मग एकदम लक्षात आलं की रंगूनला मी याच सोवळ्याविरुद्ध तितकंच चांगलं बोलले होते, तितक्याच टाळ्यांना. आणि दोन्ही वेळा मला ते खरंच वाटलं.

अण्णाला सांगितलं. त्याने पान लावता लावता ऐकलं.

"तुला कोणी विचारलं का?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं."

"आणि तू नाही म्हणालीस. मग झालं की. आता उलटं सांगून डॉक्टरलाही खोटं पाडणार का? म्हातारी सत्तरीची आहे, अंबे."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "पाणी गार होतंय, अंघोळ करून घ्या." मी अंघोळ केली. गरम पाण्याने अंग भाजलं तरी थंडी वाजत होती.

शनिवार, १३ फेब्रुवारी

सांगितलं.

मोटार फाटकात आली होती. कामाक्षीबाई वेंकूबाईंच्या अंगावर कांबळं घालत होत्या. मी म्हणाले, "सिस्टर, मी त्यांना वरून पाजलं. मान मागे टाकून. पाचव्या तारखेपासून, रोज. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तुम्हालाही."

मनात योजलेलं एकही वाक्य आलं नाही. एवढंच आलं.

कामाक्षीबाईंनी कांबळं काढलं, उशा वर सारून वेंकूबाईंना ताठ बसवलं आणि डॉक्टरांकडे निघाल्या. जवळजवळ धावत. मी मागे.

डॉक्टर कल्याणराम माझ्याकडे बघत राहिले. "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"पाच दिवस! पाच दिवस मी तापाचं कारण शोधत क्षयापर्यंत पोचलो आणि ही बाई तिच्या छातीत कॉफी ओततेय!" मग ते माझ्याशी बोलेनासे झाले. मोटार परत पाठवली. नाकातून नळी घातली, तोंडाने काही द्यायचं नाही. पेनिसिलिन सुरू. "उशीर झाला नसेल तर नशीब," असं ते कामाक्षीबाईंना म्हणाले. मला नाही.

शेषगिरीला मीच सांगितलं. तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या म्हणून मी बघून शिकलो." आणि आईच्या पायाशी जाऊन बसला.

संध्याकाळी कामाक्षीबाईंना विचारलं, "मी परीक्षेला येऊ नये ना?"

"कौन्सिलला कळवायचं ते मी परीक्षा झाल्यावर कळवीन," त्या म्हणाल्या. "आधी नाही. सोमवारपासून वेळेवर या. त्या नळीतून पाजायचं तुम्ही शिकून घ्या, विसरला असाल."

मला परीक्षेला बसवून मगच माझं नाव घालवायचं आहे हिला. दुसरं काय असेल?

गुरुवार, १८ फेब्रुवारी

ताप उतरतोय. थुंकीत क्षय नाही.

वेंकूबाईंना वाटतं नळी ही डॉक्टरची शिक्षा आहे. "तूच बरी होतीस ग," त्या मला म्हणतात, "तू पाजायचीस."  त्यांना समजेल असं सांगायला गेले तर ऐकता ऐकता झोपल्या. अजून फार अशक्त आहेत. रात्रभर त्यांचा श्वास माझ्या कानात चालू असतो. मध्येच थांबला असं वाटून मी घरी उठून बसते.

परीक्षेची भीती कुठे गेली कळत नाही. गेली नाही, पण तिच्या पुढे दुसरीच काहीतरी येऊन उभी आहे.

सोमवार, २२ फेब्रुवारी

मद्रासच्या परीक्षक बाई पिकलेल्या केसांच्या, जाड भिंगांच्या, तमिळ आणि इंग्रजीत बोलणाऱ्या. सकाळभर चादरी, पट्ट्या, सिरिंजा, औषधांची मापं. मिलिलिटर न अडखळता काढले. बोटांना आपोआप येत होतं. त्या टिपत होत्या. कामाक्षीबाई भिंतीशी.

मग त्या म्हणाल्या, "आता एका अर्धांगाच्या रोग्याला भरवून दाखवा." डॉक्टरांनी आजच वेंकूबाईंची नळी काढली होती आणि तोंडाने थोडी पातळ कंजी, म्हणजे तांदळाची पेज, चालेल म्हणाले होते. वॉर्डात अर्धांगाची दुसरी रोगी नव्हती.

मी त्यांना बसवलं. उशा लावल्या, मान पुढे घेतली, डाव्या बाजूला बसले. चांदीचा चमचा शेषगिरीने घरून आणून ठेवला होता. चमचा ओठाजवळ नेला.

वेंकूबाईंनी तोंड मिटलं. "वरून घाल."

"नाही, आजी. असंच घ्यायचं."

"चमचा ओठाला लागतोय! वरून घाल म्हणते ना. त्या दिवशी घातलंस की वरून! रोज घालायचीस! आज ही चष्मेवाली बसलीय म्हणून बाटगेपणा करतेस?"

परीक्षक बाईंनी लेखणी थांबवली. "काय म्हणतेय ही?"

वॉर्डात मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच. शेषगिरी बाहेर ओसरीवर. मी म्हणू शकत होते, गरम आहे म्हणते. चव नाही म्हणते. आजी रागीट आहेत, असं हसून म्हणू शकत होते. कामाक्षीबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी श्वास रोखून धरलेला मला दिसला.

मी म्हणाले, "त्या म्हणताहेत की मी आधी त्यांना आडवं ठेवून वरून धार सोडून पाजत होते, मग आज का नाही. खरं आहे ते. मी पाजलं. पाणी छातीत गेलं. त्यामुळेच त्यांना न्यूमोनिया झाला. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले."

परीक्षक बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "भरवणं चालू ठेवा."

मी चमचा धरून बसले. समजावलं नाही. काय समजावणार होते?  चमच्यातली कंजी थरथरत होती, माझा हात थरथरत होता. वेंकूबाई मला शिव्या देत होत्या. बाटगी, बर्मावाली, रांड. मग भिंतीकडे तोंड. मग पुन्हा माझ्याकडे. नऊ दिवसांत त्यांच्या जिभेला कशाची चव लागली नव्हती. परीक्षक बाईंनी घड्याळ बघितलं. मी बघितलं नाही.

"दे, मेले," वेंकूबाई म्हणाल्या आणि तोंड उघडलं.

अर्धा चमचा. डाव्या गालात. मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले.

"पुरे, मला कळलं," परीक्षक बाई म्हणाल्या, "पुढचं बघू."

"थांबा जरा," मी म्हणाले. "अजून गिळलं नाही त्यांनी."

दुपारी खोलीत बोलावलं. त्या म्हणाल्या, "तुमचं नाव नोंदवायची शिफारस मी आज करत नाही. हाताचं काम चांगलं आहे. पण जे झालं ते लहान नाही. आणखी तीन महिने इथेच, यांच्याच हाताखाली. मे महिन्यात मी पुन्हा येईन." मग कामाक्षीबाईंना विचारलं, "तुम्ही ठेवून घ्याल का हिला?"

कामाक्षीबाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी हिचा हात थरथरत नव्हता. आता थरथरतो. ठेवून घेते."

अपमान केला की काय केलं, मला समजलं नाही. तमिळमध्ये ते वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं.

घरी अण्णा म्हणाला, "सांगत होतो."  घंगाळात पाणी होतं, वाफ निघत होती. स्वयंपाकघरात गेले तर वहिनीने मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. "तुम्ही बसा. उद्या लवकर जायचंय ना?" म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकत स्वतः पिठलं हलवायला बसली.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

सकाळी कामाक्षीबाईंनी एकच काम दिलं. वेंकूबाईंना भरवणं. दिवसभर, तिन्ही वेळा, मी आणि मीच.

रंगूनहून आल्यावर एवढी घाबरलेली मी कधीच नव्हते. बोटीवर नाही, फाटकाशी नाही. वेंकूबाई विचारतात, "अशी डोळे फाडून काय बघतेस माझ्या गळ्याकडे? मंगळसूत्र नाही तिथे." मी उत्तर देत नाही. उत्तर देताना नजर हलते.

अर्धा चमचा कंजी. मी वाट बघते. त्यांच्या सुरकुतलेल्या गळ्याची घाटी वर जाते, अडते, खाली येते. मी श्वास सोडते. मग दुसरा चमचा.